खिशाच्या वर दोन बोटं

सासऱ्यांचा कोट नवा शिवायचा की जुनाच उलटवायचा, एवढाच प्रश्न होता. टेलरमास्तरांनी जुना उलटवायचा ठरवला, आणि त्यापायी पुढे राजधानीत हजारो माणसांदेखत त्यांची जी शोभा व्हायची ती झाली.

खरं म्हणजे दोष सासऱ्यांचाही होता. तोफखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. बोलणं तोफेसारखं, ऐकणंही तोफेसारखंच, म्हणजे अजिबात नाही. दर सैनिक स्मृतिदिनाला ते राजधानीत संचलनाला जायचे. यंदा मात्र त्यांना एक पत्र आलं. त्यांच्या तोफेवर सहा जण होते, त्यातले आता दोनच उरले होते. एक हे स्वतः आणि दुसरा सगळे ज्याला 'उंट' म्हणायचे तो. उंटाचे पाय गेले होते. त्याने लिहिलं होतं, 'यंदा मी चाकाच्या खुर्चीत येणार. खुर्ची तू ढकल. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी खुर्चीतून उतरून बसेन.'

पत्र वाचून सासरे दिवसभर कपाट उपसत बसले. संध्याकाळी जावयाच्या दुकानात आले आणि काउंटरवर आपला जुना निळा कोट ठेवला.

"हा नीट करून द्या."

मास्तरांच्या हातातली कात्री खाली पडली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांनी जावयाकडे साधं बटण लावायला दिलं नव्हतं. (पँटची चेन बिघडली तरी तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या शिंप्याकडे जायचे. तेही मास्तरांच्या दुकानावरून.)

"मामा, नवाच शिवतो की! असा शिवतो, की..."

"नवा नको. याच कोटात आम्ही सहाही जण एकदा जेवायला गेलो होतो. म्हणजे कोट माझा होता, बाकीचे आपापल्या कोटात होते. हाच पाहिजे."

कोट उन्हाने पार विटला होता. तेव्हा मास्तरांनी आपल्या वडिलांकडून शिकलेली, आता कुणी न करणारी कारागिरी काढली. कोट पूर्ण उसवला, कापड उलटं केलं, आतली न विटलेली बाजू बाहेर आणली आणि पुन्हा शिवला. आठ दिवस लागले. कापड उलटलं की बटणांची काजं डावीची उजवीकडे जातात, म्हणून मास्तरांनी जुनी काजं बुजवली आणि नवी पाडली. मग सात पदकांची पट्टी. तिची पिन मोडली होती, म्हणून मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने ती कोटावर शिवून टाकली. कुठे? तर खिशाच्या वर, दोन बोटं सोडून. शिंपीकामात हा नियमच आहे, त्याला विचार लागत नाही.

विचार लागला असता तर बरं झालं असतं.

"अहो, बाबांना एकदा घालून बघू दे ना," बायको म्हणाली.

"अजिबात नाही. इस्त्री मोडेल. तिथे गेल्यावरच घालायचा."

कोट पांढऱ्या पिशवीत, पिशवी हँगरला, हँगर मास्तरांच्या हातात, असा तिघांनी रेल्वेने प्रवास केला. मास्तर रात्रभर हात वर धरून बसले होते. सकाळी लॉजवर आंघोळी उरकल्या. बायकोने मास्तरांना टाय बांधायला लावला. टाय लांब झाला, पार पट्ट्याच्या खाली लोंबत होता. पण स्वतःच्या कपड्यांकडे बघायला शिंप्याला कधी वेळ असतो?

मैदानाच्या फाटकावर तपासणी होती. पोलिसाने मास्तरांच्या खिशातून कात्री काढून घेतली.

"अहो, मी टेलर आहे."

"मी पोलीस आहे," पोलीस म्हणाला आणि कात्री टोपलीत टाकली. कॉलरच्या आत टोचून ठेवलेली सुई मात्र त्याला दिसली नाही. ती मास्तरांच्या कॉलरमध्ये झोपतानाही असते.

मग कोट घालायचा समारंभ झाला. मास्तरांनी सासऱ्यांना कोटात उतरवलं, बटणं लावली, खांदे झटकले. सासरे हनुवटी वर करून समोर बघत उभे होते. (फौजी माणूस छाती काढतो, छातीकडे बघत नाही.) कोट असा बसला होता, की मास्तरांना स्वतःचाच हेवा वाटला.

पुढच्या दारात एक स्वयंसेविका उभी होती. तिने सासऱ्यांच्या छातीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"या काका. हळू या. इकडे सावलीत."

तिने त्यांना मांडवाखाली, गादीच्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. हातात एक पांढरं फूल दिलं. बाकीचे माजी सैनिक पलीकडे उन्हात उभे होते. मास्तरांनी बायकोला कोपराने ढोसलं.

"बघितलंस? कोट चांगला असला की माणूस ओळखला जातो."

स्वयंसेविका सासऱ्यांजवळ गुडघ्यावर बसली. "काका, तुमचे कोण होते?"

"कोण?"

"ही पदकं... कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझी!"

"हो ना," तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "गेलेलं माणूस आपलंच असतं."

"अहो, पण मी गेलेलो नाही!"

"असं मनात आणायचंच नाही, काका. जाणाऱ्याबरोबर जाता येत नाही. मागच्यांसाठी जगायचं असतं."

"ही पोरगी काय म्हणतेय?" सासऱ्यांनी मुलीला विचारलं. मोठ्याने विचारलं, त्यामुळे चार रांगांनी वळून पाहिलं. बायकोलाही काही कळेना. शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी पदराने डोळे पुसले आणि सासऱ्यांना एक गोळी देऊ केली.

तेवढ्यात ध्वज आला. सगळे उठले. सासऱ्यांनी खाडकन उजवा हात वर नेऊन सलाम ठोकला, आणि त्या हाताबरोबर सातही पदकं वर उडून खणखणली. इतक्या वर्षांत सलाम करताना ती कधी वाजली नव्हती. ऐकू कमी येत असलं तरी तेवढं त्यांना ऐकू आलं. ध्वज पुढे गेल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

"जावईबापू."

"जी, मामा?"

"पदकं कुठे लावलीत?"

"छातीवर."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की!"

"कुठल्या बाजूला?"

"खिशाच्या वर. दोन बोटं सोडून."

"आणि खिसा कुठे आहे?"

मास्तरांनी पाहिलं. खिसा उजवीकडे होता. कापड उलटलं तेव्हा काजांबरोबर खिसाही डावीकडून उजवीकडे गेला होता. काजं त्यांनी परत आणली. खिसा तिथेच राहिला.

"खिसा... उलटला," ते पुटपुटले.

"स्वतःची पदकं डावीकडे लावतात," सासरे एकेक शब्द मोजून म्हणाले. "मेलेल्या नातेवाइकाची उजवीकडे. जावईबापू, तुम्ही मला मारलंत आणि माझ्याच मागे मला एकट्याला ठेवलंत."

बायकोने डोळे मिटले. मनोऱ्यावरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. अकराला तोफ, मग दोन मिनिटं मौन, मग बिगुल आणि संचलन. मांडवाला बांधलेल्या दोरीपलीकडे, उन्हात, चाकाच्या खुर्चीत एक लांब मानेचा म्हातारा बसला होता आणि ती मान सारखी इकडेतिकडे वळवून कुणाला तरी शोधत होता. एक तरुण खुर्ची धरायला पुढे आला, तर त्याने त्याच्या हातावर छडी मारली.

सासऱ्यांनी ते पाहिलं. ते ओरडले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तो माझी वाट बघतोय हो."

मास्तर दोरीवरच्या शिपायाकडे धावले.

"यांना पलीकडे सोडा. हे स्वतःच सैनिक आहेत."

"पदकं उजवीकडे असतील तर मांडवातच बसायचं."

"अहो, ते जिवंत आहेत!"

"ते दिसतंय," शिपाई म्हणाला. "पण नियम आहे."

मास्तर परत आले आणि सासऱ्यांचा कोट काढून मांडीवर घेतला. दुहेरी दोरा, वर मेण, आणि कात्री टोपलीत. दोरा ओढला तर बोट कापलं. तेव्हा गोळीवाल्या आजींनी पिशवीत हात घातला आणि नेलकटर काढला.

"हे चालेल का रे? उगी रडू नकोस."

"रडत नाही आजी, उसवतोय."

पट्टीला छत्तीस टाके होते. मास्तरांनी एरवी ते अभिमानाने मोजून दाखवले असते. आता एकेक टाका तोडताना स्वतःलाच शिव्या घालत होते. शेवटचा टाका तुटला तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं. त्यांनी कॉलरमधून सुई काढली, दोरा ओवला, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी कोट हिसकावून अंगात चढवला.

"मामा, शिवायचाय अजून!"

"मौनाला मी शर्टावर उभा राहणार नाही."

"पण..."

तोफ उडाली.

सारं मैदान जागच्या जागी थांबलं. माणसं, बँड, झाडाखालचे पोलीस, सगळे. सासरे ताठ उभे राहिले, हात मांडीला चिकटवून. मास्तरांच्या एका हातात पदकं आणि दुसऱ्यात सुई. मौनात हलू नये, हे त्यांना कळत होतं. पण मौन संपल्याबरोबर बिगुल वाजणार आणि उंट निघून जाणार होता. सुई काही वाजत नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी पहिला टाका घातला.

डाव्या बाजूला खिसाच नव्हता, त्यामुळे कशाच्या वर दोन बोटं ठेवायची तेही कळेना. अंदाजाने पट्टी धरली. दुसरा टाका सासऱ्यांच्या बनियनमधून गेला. तिसरा बनियनच्याही आतून गेला. मास्तरांनी घाबरून वर पाहिलं. सासऱ्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती. सहावा टाकाही आत गेला. तरी नाही.

मग मास्तरांच्या मनगटावर पाण्याचा एक थेंब पडला. लागलं बहुतेक, असं वाटून त्यांनी पुन्हा वर पाहिलं. सासऱ्यांचे ओठ आवाज न करता हलत होते. चार नावं होती. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

चौदा वर्षं ज्या माणसाला मास्तर मनातल्या मनात 'खडूस' म्हणत आले, त्याच्याबद्दल त्यांना एकदम इतकं वाईट वाटलं, की त्यांचेच डोळे भरून आले. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. डोळे भरले की शिंप्याने हात थांबवावा. मास्तरांनी थांबवला नाही. आपण आणखी जवळ वाकलोय, आपल्या गळ्यातून काहीतरी पुढे लोंबतंय आणि ते नेमकं पट्टीच्या खाली गेलंय, हे त्यांना दिसलं नाही. शेवटचे दहा टाके तर त्यांनी केवळ हाताच्या सवयीने घातले, भराभर आणि घट्ट.

गाठ मारली आणि बिगुल वाजला.

"चला!" सासरे म्हणाले आणि निघाले. मास्तरही निघाले. शिपायाने डावीकडची पदकं पाहिली, सलाम केला, दोरी वर उचलली.

"तुम्ही कुठे?" सासऱ्यांनी चालता चालता विचारलं.

"मी येत नाहीये, मामा. तुम्ही नेताय."

सासऱ्यांनी खाली पाहिलं. जावयाचा टाय त्यांच्या पदकांखाली गेला होता आणि बाहेर आलाच नव्हता.

"सोडा तो गळ्यातून!"

"गाठ आवळली गेलीय! तुम्ही ओढताय ना!"

"अरे, येतोस की मी एकटाच घरंगळत जाऊ?" पलीकडून उंट गरजला.

सासऱ्यांनी खुर्ची धरली. बँड सुरू झाला. तोफखान्याची तुकडी निघाली. सासरे ताठ मानेने खुर्ची ढकलत होते आणि मास्तर त्यांच्या छातीला डोकं लावून खेकड्यासारखे तिरपे चालत होते. टाय जेवढा उरला होता, तेवढीच त्यांना मान वर करता येत होती. म्हणजे येतच नव्हती.

"हा कोण?" उंटाने मान वळवून विचारलं.

"जावई."

"आणि असा काय चिकटलाय?"

"तू पुढे बघ."

लाउडस्पीकरवरच्या माणसाचा आवाज भरून आला. "आणि हे पाहा... एका वृद्ध वीराच्या छातीशी दुःखाने मान झुकवलेला हा त्यांचा सुपुत्र... शब्द अपुरे पडतात..." मैदानातले लोक उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या. मांडवात आजी रडत होत्या, स्वयंसेविका रडत होती, आणि बायकोही रडत होती, कारण तिला अजून काहीच माहीत नव्हतं. मास्तरांना दिसत होती फक्त जमीन, खुर्चीचं एक चाक आणि सासऱ्यांचे चकचकीत बूट. पण ते बूट एकदाही ताल चुकले नाहीत.

मैदानाच्या टोकाला तुकडी थांबली. उंटाने मागे हात करून खुर्चीवरचा मित्राचा हात नुसता धरून ठेवला, बराच वेळ. मग सासरे मास्तरांकडे वळले. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"जावईबापू," ते म्हणाले. आणि दोन्ही हात मास्तरांच्या खांद्यांवर ठेवून त्यांनी आपला चेहरा मास्तरांच्या गळ्याशी आणला.

चौदा वर्षांत पहिल्यांदा! मास्तरांना हुंदका आवरेना. त्यांनी सासऱ्यांना घट्ट मिठी मारली.

"बाबा!" ते म्हणाले. आजवर ते मामाच म्हणत आले होते.

"हलू नका हो," आवळलेल्या जबड्यातून उत्तर आलं. "दोरा दातात धरलाय."

मास्तर हलायचे थांबले. कट्ट असा आवाज आला.

"तुटला!" मास्तर आनंदाने म्हणाले.

सासरे हळूहळू मागे झाले, टाय जेवढं होऊ देत होता तेवढेच. त्यांनी तळहात तोंडापुढे धरला आणि त्यात काहीतरी काढून बघितलं.

"हो," ते म्हणाले. "पण दोरा नव्हे, जावईबापू. दात."