बॅटरीला अकरा जास्वंदी

“मालिनी, गाडी म्हणजे घरचं माणूस. तिची रोज विचारपूस करायची,” डोळे मिटण्याआधी आप्पा सांगून गेले. आप्पा म्हणजे मालिनीचे सासरे. त्यांनीच तिला गाडी शिकवली, आणि अठरा वर्षांची ती पांढरी गाडी तिच्याच हवाली केली.

विचारपूस करायची कशी? उल्हासनगर कॅम्प चारचा इलेक्ट्रिशियन जयदेव एकदा बोलून गेला, “भाभी, बॅटरी म्हणजे गाडीची जान!” झालं! मालिनीने एकवीस दिवसांचं व्रत धरलं. रोज पहाटे बॉनेट उघडायचं, बॅटरीला हळद-कुंकू वाहायचं आणि वायरच्या पकडीत जास्वंदीचं एक फूल खोवायचं. त्यासाठी पकड जराशी सैल करायची, एवढंच!

व्रत होतं सासूबाईंच्या डोळ्यासाठी. जनाबाईंचा मोतीबिंदू इतका पिकला होता की परवा त्यांनी कपाटाला ‘या, बसा’ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर डोळा गेला. दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परतलेल्या जनाबाई या वेळी कबूल झाल्या, पण एका अटीवर.

“यांच्याच गाडीतून येईन. वाटेत बंद पडली तर समजेन, हेच नको म्हणतायत. मग पुन्हा ऑपरेशनचं नाव काढायचं नाही!”

“गाडी ठणठणीत आहे, आई,” मालिनी हळू पण ठासून म्हणाली.

व्रताच्या तिसऱ्याच दिवशी बदलापूरच्या बाजारात गाडी मेली. हॉर्न नाही, दिवा नाही, सेल्फ नाही! मालिनीने घाबरून दार आपटलं, तशी गाडी जिवंत झाली.

ती थेट जयदेवकडे निघाली. पण शिळं निर्माल्य घेऊन दुसऱ्याच्या दारात कसं जायचं? म्हणून वाटेत थांबून तिने फूल काढलं, पदराने पुसलं, पकड दाबून बसवली. जयदेवपुढे गाडी साहेब आल्यावरच्या शाळेसारखी शहाणी!

“भाभी, काहीच प्रॉब्लेम नाय.”

‘भक्ती कमी पडतेय,’ मालिनीने ताडलं, आणि दोन फुलं वाहिली. गाडी पुन्हा मेली. मग चार! मग सात! जयदेवने फ्यूज बदलले, वायरिंग सोडून पुन्हा जोडलं. निर्माल्य काढून नेली की त्याच्या दारात गाडी सुरू, दुसऱ्या दिवशीच्या पूजेनंतर बंद! बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, “आता मीच डोकं फोडून घेतो!”

विसाव्या दिवशी ऑपरेशन होतं, सकाळी नऊला. मालिनीने अकरा फुलं खोवली. अंबरनाथच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडीने अंग टाकलं.

जनाबाई शांतपणे म्हणाल्या, “अडवलंन. फिरव मागे.”

“आई, दोन मिनिटं!” मालिनी खाली उतरली. दार आपटलं. पुन्हा आपटलं. चार वेळा आपटलं. काही नाही! तिने जयदेवला फोन लावला. तो स्कूटरवर धावत आला. या वेळी निर्माल्य काढायचं तिला सुचलंच नाही.

जयदेवने बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला.

“भाभी, ये गाडी है के देऊळ?”

मालिनीने मान खाली घातली. “रोजची पूजा आहे.”

“अरे, पकड हवेत आहे! करंट काय फुलातून जाणार?”

जनाबाई काठी टेकत आल्या, फुलांना नाक लावून हुंगलं, आणि फिस्कन हसल्या. “म्हणजे हे नव्हेत, तू अडवलंस होय? जन्मभर मला नको म्हणायची यांची हिंमत नव्हती, आता कुठून आली म्हटलं! चल, नऊ वाजतायत.”

जयदेवने पाना फिरवला, पण किल्ली हातात देईना. “पहले वचन द्या. बॉनेट पुन्हा उघडणार नाय.”

“दिलं,” मालिनी पुटपुटली. मग अगदी हळू विचारलं, “भाऊ, वायर कुठे कुठे नसते?”

दुसऱ्या दिवशी पहाटे जनाबाई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घोरत होत्या. व्रताचा एकविसावा दिवस. मालिनी ताट घेऊन आवाज न करता जिना उतरली, बॉनेटकडे न बघता पुढे गेली, आणि डिकी उघडून स्टेपनीवरचं फडकं बाजूला करू लागली.