आवाज न झालेली बाटली

यंदा सुट्टीत सासुरवाडीच्या जेवणाला बाटली आपण न्यायची, हे बायकोने मला न विचारता ठरवलं. (आमच्या घरचे सगळे मोठे निर्णय असेच एकमताने होतात.) दरवर्षी ही बाटली माझा साडू आणतो. तो मोटारी विकतो, आणि बूच असं काही उडवतो की सासरे टाळ्या वाजवतात. माझ्यासाठी त्यांनी आजवर एकदाही वाजवलेल्या नाहीत. मी ग्रंथपाल. मला पगारच मुळी टाळ्या वाजवणाऱ्यांना गप्प बसवण्याचा मिळतो.

"एकदा तरी माझ्या माहेरी माझं नाक वर राहू दे," बायको म्हणाली. "चांगली फेसाळती वाईन आण, आणि जरा रुबाबात उघड."

दुकानात भिंतभर बाटल्या. वाईनमधलं मला एवढंच कळतं की डाग लालचा पडतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी हवीय?"

"सासुरवाडीसाठी."

"मग महागातली घ्या," त्या म्हणाल्या आणि बाटली गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला गुरुमंत्र दिला. "बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. नुसता सुस्कारा ऐकू यायला हवा. धडामधूम म्हणजे अडाण्यांचं काम!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका वाक्यात साडू अडाणी ठरला होता, तोही तज्ज्ञांकडून! आठवडाभर मी न्हाणीघरात कडी लावून सोड्याच्या बाटल्यांवर सराव केला. शेवटी शेवटी तर आपण उघडलो गेलो हे सोड्यालाही कळेनासं झालं.

तो दिवस उजाडला. मी बाटली हातात घेताच सासूबाईंनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून सोफ्यावर ठेवलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली. सासरे खुर्चीमागे दडले. मेहुणीने तोंडापुढे उशी धरली. साडू मोबाइल रोखून चित्रीकरणाला उभा राहिला. बायको माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होती की मलाच लाजल्यासारखं झालं.

मी बाटलीवर रुमाल टाकला, बूच धरलं, बाटली फिरवली. फुस्स. काय सुंदर सुस्कारा होता तो! आणि मग शांतता. सगळे आपापल्या जागी तसेच.

"अहो, उघडा की!" सासरे खुर्चीमागून ओरडले.

"उघडली."

"कधी?"

साडूने चित्रीकरण मागे नेऊन पाहिलं. "यात तू नुसता उभा आहेस रे."

सासूबाईंनी एका कानातलं बोट काढलं. "शिळी निघाली वाटतं, जावईबापू. पावती ठेवलीय ना?"

"अहो, ही जाणकारांची पद्धत आहे! आवाज करायचाच नसतो!"

"असं, असं," सासरे म्हणाले. नापास नातवाचं प्रगतिपुस्तक बघतानाही ते असंच म्हणतात.

तेवढ्यात साडू गाडीतून मुलांसाठी आणलेली बाटली घेऊन आला. सफरचंदाचा फसफसता रस! पठ्ठ्याने ती गदागदा हलवली, आणि धडाम्! बूच दिव्यावर, फेस पडद्यावर, आणि सोफ्यावर जपून ठेवलेलं घड्याळ चिंब. घरात एकच जल्लोष. सासरे बनियनपर्यंत भिजले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "याला म्हणतात वाईन!" दुसऱ्या ग्लासानंतर डोकं हलकं झालं म्हणून ते गाऊही लागले.

"अहो, तो सफरचंदाचा..." मी तोंड उघडलं, तोच बायकोने चिमटा काढला.

"गप्प बस. तेवढं तुला छान जमतं."

माझ्या बाटलीला कुणी शिवलं नाही. मग मीही इरेला पेटलो आणि कोपऱ्यात बसून सगळी एकट्याने संपवली. (चांगली होती हो. शपथ!)

निघताना सगळे दारात जमले. गाडीची किल्ली बायकोकडे. तोंड पाडून मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, आणि त्या सबंध बाटलीचा गॅस पोटातून एकदम वर आला. त्या ढेकराचं वर्णन मी करत नाही. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं, एवढं सांगतो.

सासूबाईंची बोटं पुन्हा कानांत.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "जावईबापूंची आत्ता उघडली!"

आणि सासऱ्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.