कमरेत बारीक ढाली

उत्तरेश्वररावांनी हडपसरच्या कारखान्यात सारा जन्म तपासणी खात्यात काढला. ड्रॉइंगप्रमाणे नाही तो माल बाजूला, हा त्यांचा धर्म. त्यामुळे व्याही बाबुराव यांनी रंगवायला दिलेल्या बोटभर सैनिकांच्या ढाली पाहून ते अस्वस्थ झाले. सैनिक केल्टांचे, म्हणजे युरोपातल्या जुन्या लढवय्यांचे. जावई सूरज कंपनीच्या कामावर इंग्लंडात होता, त्याने वडिलांना पाठवलेले. ढाली वरखाली रुंद आणि कमरेत बारीक होत्या.

"माल बिघडलाय," असे म्हणून त्यांनी सगळ्या ढाली कानशीने घासून व्यवस्थित लांबट गोल केल्या.

संध्याकाळी शनिवार पेठेतून बाबुरावांचा फोन आला.

"ढाली जपा हं. तो कमरेत बारीक आकार फार दुर्मिळ. मी पुस्तकातून ओळखून काढलाय. सूरज आला की त्याला दाखवायचाय."

उत्तरेश्वररावांनी फोन ठेवला आणि कानस उशीखाली लपवली. घरात दुसरे कोणी नव्हते, तरी लपवली. पत्नी इंदुबाई गेल्यापासून लोक त्यांच्याशी आवाज खाली आणून बोलत. बाबुराव तेवढे दर शनिवारी चहाला बोलावून पूर्वीसारखेच टोचून बोलत.

त्यांनी एम-सील आणून नव्या ढाली थापल्या. त्या इतक्या जड झाल्या की सैनिक तोंडावर पडू लागले. मग प्रत्येकाच्या पोटाला आगकाडीचा टेकू दिला. फौज धोकादायक इमारतीसारखी दिसू लागली.

मुलगी भाग्यश्री ऑफिसातून परस्पर आली होती. "बाबा, हे डंबेल्स कुणाचे?"

"केल्टांचे."

"माझ्या सासऱ्यांना सरळ सॉरी म्हणा ना."

"आणि शनिवारी जाऊ कुठं?"

शनिवारी बसमध्ये डबा मांडीवर धरून ते गेले. बाबुरावांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले.

"प्रत्येकानं घरचा पाटा का उचलून आणलाय?"

"ढाली आहेत त्या. जुन्या मी कानसल्या. आकार चुकीचा वाटला."

बाबुराव उठले, स्वयंपाकघराचे दार लोटले आणि परत येऊन बसले.

"चुकीचाच होता."

"म्हणजे?"

"खऱ्या ढाली माझ्या हातून रद्दीत गेल्या. पोराला काय सांगणार? श्रीखंडाच्या डब्याची झाकणं कापून त्यांवर रंग मारला. कात्री मध्येच आत घुसायची."

"आणि पुस्तक?"

"ते नंतर. बुधवार पेठेत दुकानामागून दुकान पालथं घातलं, तेव्हा कुठं एका चित्रात तसला आकार सापडला." बाबुरावांनी भिंग खाली ठेवले. "पण काय हो, जन्मभर तपासणी केलीत ना? श्रीखंडाचं झाकण ओळखता आलं नाही?"

उत्तरेश्वररावांना बरे वाटले. त्यांनी बशीत चहा ओतला.

"आता या ढाली बारीक करा," बाबुराव म्हणाले, "आणि पुढच्या खेपेला एम-सील जास्त आणा. यांच्या घोड्यांचं खोकं माझ्या हातून पडलंय. पाय मोडलेत."

"कितींचे?"

"सगळ्यांचे."

उत्तरेश्वररावांनी खोक्यातला एक घोडा उचलून उलटसुलट पाहिला.

"याला बरेच शनिवार लागतील," ते गंभीरपणे म्हणाले.