पहिल्या ट्रॅकमधली बाई

साहेबांना घरी बोलवायचं मी ठरवलं, कारण तक्रार विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. (माणुसकी वगैरे नंतर.) साहेबांना रॉक संगीताचं वेड, म्हणून मी कुठूनसा एक प्रायोगिक रॉक अल्बम पैदा केला. त्याच्या पहिल्या ट्रॅकमध्ये गाणं नाहीच! दारं आपटतात, भांडी पडतात, कुणीतरी खोकतं, मधेच उलटं वाजवलेलं भाषण, सगळं एकावर एक चिकटवलेलं. याला साउंड कोलाज म्हणतात आणि ते डोळे मिटून ऐकायचं असतं, एवढा अभ्यास मी केला होता.

साहेब येऊन सोफ्यात रुतले. तेवढ्यात बाथरूममधून नळाचा आवाज यायला लागला. कलेत व्यत्यय नको, म्हणून मी बाथरूमचं दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि अल्बमचा आवाज वाढवला. (आत कुणी आहे का, हे बघायची मला सवय नाही.)

थोड्या वेळात धाडधाड सुरू झाली.

"ड्रम जबरदस्त आहे हो," साहेब म्हणाले.

"ड्रम नाही साहेब, ती मध्यमवर्गाची घुसमट आहे," मी डोळे मिटून म्हणालो.

मग बाईचा आवाज आला. "अहो! अहो, ऐकलंत का?"

साहेबांनी एक डोळा उघडला. "ही मराठीत ओरडतेय."

"कलेला भाषा नसते, साहेब."

"पण 'अहो' म्हणतेय! मला वाटलं, आमचीच ही आली."

"प्रत्येक नवऱ्याला तसंच वाटतं. तेच तर कलाकाराचं यश!" (काय बोललो! माझं मलाच भरून आलं.)

"अहो, कडी काढा! जीव गुदमरतोय माझा! कान फुटलेत का तुमचे?"

"कडी म्हणजे रूढीची," मी समजावलं. "आणि शेवटचा प्रश्न समाजाला आहे."

ट्रॅक संपला. दुसऱ्यात नुसती हळुवार गिटार होती, आणि तिच्या मागून 'अहो'चं 'अरे ए मेल्या' झालेलं स्वच्छ ऐकू आलं. मी उठेपर्यंत साहेबांनीच जाऊन कडी काढली.

बायको घामाघूम होऊन बाहेर आली.

"वहिनी, तुम्ही आत होतात?"

"नाही, अल्बममध्ये होते!" ती माझ्याकडे बघत कडाडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा तर गेलीच, आता संसारही जातो की काय! माफी मागायला तोंड उघडलं, तर साहेबांनी माझे दोन्ही हात धरले.

"वहिनी कधीच्या दार बडवतायत, ओरडतायत, आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. वर प्रत्येक ओरडण्याला उत्तर तयार! अहो, तक्रार विभागासाठी मी कधीपासून असाच माणूस शोधतोय."