तात्या टेबल हलवून बघायचे

माझे सासरे, म्हणजे तात्या, कुठल्याही हॉटेलात शिरले की आधी टेबल हलवून बघायचे. कडेला दोन्ही हातांनी धरून, चारी बाजूंनी. मग खुर्च्या. एकेका खुर्चीवर स्वतः बसायचे, मागे रेलायचे, उठायचे, की पुढची खुर्ची. तोवर मी आणि माझी बायको सुनंदा दारात उभे, आणि गल्ल्यावरचा माणूस आमच्याकडे टक लावून बघतोय. गोरेगावला एका मालकाने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "साहेब म्युनिसिपालटीतून आलेत का?"

टेबल पास झालं की पुढचा प्रश्न वेटरला. "हयसर आणून देतत, की आपणाक उठान जावचा लागता?" खायला काय आहे, ताजं आहे की कालचं, ही चौकशी सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा गाडी तिथवर पोचायचीच नाही. "ह्या काय खरा नाय," म्हणायचे आणि चालू लागायचे. गंमत म्हणजे हे फक्त सकाळच्या नाश्त्यापुरतं. दुपारी हाच माणूस फुटपाथवर उभ्याने कागदातून भजी खाईल आणि वर हात शर्टाला पुसेल.

तात्या मूळचे मालवणकडचे. उभी हयात गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेली. संपात गिरणी गेली, तिच्या जिवावर चाललेली सासूबाईंची खानावळ गेली, आणि मग सासूबाईही गेल्या. आता ते दिंडोशीला एका खोलीत एकटे राहायचे आणि रात्री एका गोदामावर राखण करायचे. सकाळी यायचे ते झोपायचे. आम्ही कांदिवलीला. "आमच्याकडे राहायला या," असं मी दरवर्षी म्हणायचो. ते दरवर्षी म्हणायचे, "जावयाकडे ऱ्हवतत काय कोण?" तिथे विषय संपायचा.

तर त्या वर्षी गोराईच्या खाडीपलीकडे ती नवीन जत्रा उघडली होती. जत्राच ती, फक्त विजेवर चालणारी. मोठे पाळणे, पाण्यात पडणाऱ्या होड्या, माणसाला उलटं टांगणारी यंत्रं. आमच्या साहेबांना चौघांचे तीन दिवसांचे पास फुकटात मिळाले होते. साहेबांना चक्कर येते म्हणून ते पास माझ्याकडे आले. मी, सुनंदा, आमची पाच वर्षांची चिंगी, आणि चौथा पास कोणाला? सुनंदा म्हणाली, "तात्यांना नेऊ या. त्यांनी जन्मात कधी सुट्टी घेतली नाही." मी हो म्हटलं. पुढे काय वाढून ठेवलंय हे मला तेव्हा माहीत असतं, तर मलाही साहेबांसारखी चक्कर येते म्हटलं असतं.

रोज खाडी ओलांडायला नको म्हणून गोराई गावातच रोझी आंटीच्या घरी खोली घेतली. पहिल्या सकाळी आंटीने आम्हाला आत बोलावलं. तिचं टेबल जुन्या सागाचं, चांगलं जाडजूड. तात्यांनी हलवलं, हललं नाही. चारही खुर्च्या पास. तात्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. सुनंदाला त्यांनी मधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बरोबर समोर बसले.

तेवढ्यात आंटीने आतून हाक मारली. "पोरी, जरा बशा नेशील काय गो? माझे गुडघे ऐकत नाहीत." वाक्य पुरं व्हायच्या आत सुनंदा उठली होती. बशा आल्या. मग पाव आले. मग आंटीचा हातही दुखतो असं कळलं, आणि आमची बायको आतमध्ये आमलेटं उलटायला लागली. आमलेट झकास होतं, मिरचीचं, कडेला कुरकुरीत. मी तीन खाल्ली. तात्यांनी एकाला हात लावला नाही.

"काय झालं, तात्या? मीठ जास्त आहे का?"

"ह्या काय खरा नाय. उद्या भायर बघूया."

बाहेर म्हणजे कुठे? गोराईला? आजूबाजूला ताडाची झाडं आणि वाळत घातलेले बोंबील. मी कपाळाला हात लावला. आंटीला वाईट वाटू नये म्हणून तात्यांचं आमलेटही मीच संपवलं, आणि त्याचा हिशोब पहिल्याच पाळण्यात चुकता झाला. तपशील सांगत नाही. चिंगी अजून सांगते, पाहुण्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा ओढत होतं. "जावयबापू, उठा. नाश्तो बघूक जाव या." मी सुट्टीच्या दिवशी आठच्या आत उठलो तर मला दिवसभर घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखं वाटतं. पण सासरा अंगठा ओढतोय म्हटल्यावर जावई करणार काय? उठलो. चप्पल अडकवली आणि निघालो.

जेट्टीवर एक पोहेवाला होता. गरमागरम पोहे, वर ओला नारळ. मी बशी घेतलीसुद्धा. तात्यांनी पोह्यांकडे बघितलंही नाही. बाकड्याकडे बघितलं. "दोघांपुरता बाकडा. चला." पुढे एका कोळणीच्या अंगणात तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या आणि तव्यावर सुका जवळा परतला जात होता. वास असा की मेलेला माणूस उठून ताट मागेल. मी म्हटलं, तात्या, आता हात जोडतो, हेच. बाई म्हणाली, चटई टाकते, बसा की. तात्या विचारात पडले. मला वाटलं, जमलं. पण नाही.

"खाली नको. खाली बसान माणूस पटकन उठता."

मी वाळूतून परत येताना स्वतःशी मोठमोठ्याने बोलत होतो. माझं वय तेव्हा पस्तीस होतं.

शेवटी त्या जत्रेच्या आतल्या उपाहारगृहात गेलो. दहाला फाटक उघडतं. लोक पाळण्यांकडे धावत सुटले, चिंगी त्यांच्याकडे बघून पाय आपटत होती, आणि आम्ही चौघं टेबलाकडे. टेबल-खुर्च्या जमिनीत बोल्ट मारून बसवलेल्या. तात्यांनी हलवलं, मीही वैतागून हलवलं, ढिम्म हललं नाही. तात्या खूश. मग लक्षात आलं की इथे टोकन घ्यायचं आणि खिडकीवरून आपलं आपण आणायचं. मी रांगेत उभा राहून इडल्या आणल्या. सुनंदा बसली. लगेच पाण्यासाठी उठली. मग चमच्यांसाठी. मग चिंगीला सॉस हवा होता. मग तात्यांचा चहा बिनसाखरेचा हवा म्हणून परत खिडकीवर. तात्या समोरून तिच्याकडे बघत होते. प्रत्येक वेळी ती उठली की त्यांचा हात थोडा वर व्हायचा आणि परत खाली यायचा. सुनंदाने स्वतःच्या इडल्या चिंगीला भरवल्या आणि बशा उचलायला लागली.

"ह्या काय खरा नाय," तात्या म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "तात्या, तुम्हाला नक्की हवंय तरी काय? कालपासून चार ठिकाणं झाली. चवीला नावं ठेवा, समजू शकतो. तुम्ही तर चव घेतच नाही!"

आणि सुनंदा, जी बापाला कधी उलट बोलत नाही, ती हातातल्या बशांसकट बोलली. "तात्या, माझी पण सुट्टी आहे ना ही? दोन दिवस मी नुसती तुझ्या नाश्त्यामागे धावतेय."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग टोपी उचलली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले, आमच्या पिशव्या सांभाळत. दिवसभर तिथेच होते. चिंगीने ओढलं तरी एका पाळण्यात बसले नाहीत. संध्याकाळी खोलीवर आल्यावर एवढंच म्हणाले, "सकाळी मी जातंय दिंडोशीक. तुमी करा मजा." सुनंदाने खूप समजावलं. मग ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, आणि तिचे डोळे लाल होते. झकास चालली होती सुट्टी.

तिसऱ्या दिवशी सुनंदाने ऐकलं नाही. तात्यांना बोरिवलीला गाडीत बसवून मगच परत येऊ म्हणाली. मग काय, सगळी वरात होडीत, पलीकडे उतरून रिक्षात, आणि स्टेशन. स्टेशनजवळ एक उडपी हॉटेल होतं. त्याच्या दारावर पाटी होती, 'फॅमिली रूम'. तात्या पाटीसमोर थांबले.

"खाव या काय तरी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला ओरडायचा धीर झाला नाही.

आत पंखा होता, पडदा होता, संगमरवरी टेबल होतं. वेटर खांद्यावर फडकं टाकून हजर. तात्यांनी त्याला तो नेहमीचा प्रश्न विचारलाच. तो म्हणाला, "इधरही लाके देगा, बाबा, आप बैठो." तात्यांनी ऑर्डर दिली ती ऐकून मी दचकलो. इडली, डोसा, उपमा, शिरा, सगळंच. चिंगीला पाणी हवं होतं. सुनंदा उठायला लागली. तात्यांनी टेबलावरून तिचं मनगट धरलं.

"उठा नको."

"अरे, पाणी..."

"तो आणता. ता त्याचा काम आसा. तू बस."

ती बसली. पाणी आलं. बशा आल्या, एकामागोमाग एक, टेबल भरून गेलं. चिंगीने शिऱ्यात बोट घातलं. मी डोशाकडे हात नेला आणि थांबलो, कारण तात्या खात नव्हते. सुनंदाकडे बघत होते. आणि सुनंदाही खात नव्हती.

"खा गो," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, तिच्याकडेही नीट न बघता, त्या उपम्याला सांगितल्यासारखं बोलायला लागले. "तुझ्या आवशीच्या खानावळीत सकाळी पयल्या पाळीचे गडी येयत. चा-चपाती खाऊन गिरणीत. तू चिंगीपेक्षा थोडी मोठी. हातात किटली. सगळे गडी रांगेत बसलेले माका आठवतत. कोण खयच्या कोपऱ्यात बसायचो ता पण आठवता. तू बसलेली माका आठवणा नाय. मगे लगीन झाला तुझा, मी तुझ्याकडे येतंय तेवा तू उभीच." ते थांबले. "माका एकदा बघूचा होता. बसान खाताना."

मी या माणसाला दोन दिवस उगाच खोट काढणारा म्हातारा समजत होतो. मी डोशावरचा हात मागे घेतला.

सुनंदा म्हणाली, "मला सकाळी भूकच लागत नाही, तात्या. कधी लागतच नाही. चहा घेतला की झालं." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. खरंच होतं ते. आमच्या घरी ती सकाळी ओट्याशी उभी राहून चहा पिते आणि डबे भरते.

तात्यांचे हात टेबलावर होते, बोटं जाड, नखं फुटलेली. इतकं शोधून शेवटी सापडलं, आणि आता उशीर झाला होता. किती वर्षांचा, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

मग सुनंदाने इडली घेतली. चटणीत बुडवली, खाल्ली. दुसरा तुकडा खाल्ला. तेव्हा आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. औषधाची गोळी गिळताना तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. ती हसून म्हणाली, "मस्त आहे," आणि दुसरी इडली बशीत ओढली.

तात्यांनी ती बशी तिच्यासमोरून हळूच सरकवून स्वतःकडे घेतली.

"ऱ्हवांदे. भूक नाय तर कशाक खातंस?"

"तू बघतोयस म्हणून," ती म्हणाली.

तात्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग उठले. मला वाटलं, झालं, निघाले. पण त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. समोर एका सावकारी पेढीचं कॅलेंडर होतं, त्याकडे बघत. "मगे मी बघणंय नाय," ते म्हणाले. पडदा सारून वेटर आत आला, हे बघून बाहेर गेला. चिंगी हसायला लागली, तिला वाटलं आजोबा खेळतायत. सुनंदाने दोन्ही हात मांडीत घेतले होते आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. त्यांचा सदरा मानेपाशी विरला होता.

बराच वेळ कोणी काही खाल्लं नाही. डोसा मऊ पडला. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तात्यांनी विचारलं, "बसलंस मा?"

"बसलेय, तात्या."