हवेच्या पाइपातला तपकिरी मोजा

सासऱ्यांनी आपली जुनी स्पोर्ट्स कार भंगारात द्यायचं ठरवलं, तेव्हा मी सहज म्हणून गेलो, "भंगारात कशाला? आपण सगळे मिळून घरीच दुरुस्त करू." (मला वाटलं, ते 'नको' म्हणतील. मला ते आयुष्यभर 'नको'च म्हणत आलेत.) नेमके तेव्हाच 'बरं' म्हणाले.

गाडी आमच्या गॅरेजात आली. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिने कामं वाटून टाकली. तिच्याकडे इंजिन, बायकोकडे सीटची कव्हरं, माझ्याकडे टॉर्च. चार महिन्यांत लेकीने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, जुनं इग्निशन काढून नवं इलेक्ट्रॉनिक घातलं. मी टॉर्च धरला. (ऑफिसात मात्र "इंजिन उतरवलं आम्ही" असं सांगत होतो.)

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मी नवा एअर फिल्टर घेऊन येते. तोवर इंजिनात हवा नेणाऱ्या या पाइपाचं तोंड झाका, धूळ जायला नको."

फडकं सापडेना. मी पायातला मोजा काढला आणि पाइपात कोंबला. चांगला खोल. (काम करायचं तर मनापासून करावं.) ती परतली तेव्हा मी फोनवर मित्राला कार्बोरेटर समजावून सांगण्यात गुंग होतो. तिने पाइपाला फिल्टर लावला, त्यावरचा पट्टा आवळला, किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"काय चुकलं असेल?"

मी चष्मा सारखा केला. "तुझं ते नवं इग्निशन. जुनं ते सोनं, असं उगाच म्हणत नाहीत. घाई नडली तुला."

तिचा चेहरा एवढासा झाला.

सोमवारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना बायकोने विचारलं, "अहो, या तपकिरी मोज्याचा जोडीदार कुठाय?"

मला तो पाइप आठवला. "हरवला असेल," मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भाषण ठोकून बसलो होतो ना! लेक कॉलेजला गेल्यावर मोजा काढायला गुपचूप फिल्टरचा पट्टा सोडवायला बसलो. अर्ध्या तासाने तो आधीपेक्षा घट्ट झाला.

पुढचे दोन आठवडे पोरीने नवं इग्निशन काढलं, जुनं घातलं, पुन्हा नवं घातलं. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही बहुतेक. इंजिनिअरिंग सोडून देऊ का?"

मोज्याचं सांगायचं सोडून मी दोन ग्लास पाणी प्यालो.

शेवटी बायकोने मेकॅनिकला बोलावलं. सासरेही येऊन उभे राहिले. मेकॅनिकने तपासलं आणि विचारलं, "इग्निशन कोणी बसवलं? ठिणगी एकदम झकास आहे. माझ्या माणसांनाही इतकं नीट जमत नाही." मग त्याने हवेचा पाइप उघडला, आत पक्कड घातली आणि ओढलं.

मोजा बाहेर आला. लांबलचक. अंगठ्याशी भोक असलेला.

"हा कोणाचा?"

बायकोने भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

लेकीने हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"या सोमवारपासून?"

"नाही."

"गेल्या?"

"त्याच्याही आधीच्या."

सासरे फक्त "हं" म्हणाले. त्या एका "हं"मध्ये आमच्या लग्नाची बावीस वर्षं होती.

"मी कॉलेज सोडायला निघाले होते, बाबा," लेक म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला वर बघवेना. मी मेकॅनिकच्या चपलांकडे बघत राहिलो.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. लेकीने गाडीत बसून बाजूचं दार उघडलं. "बसा."

रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं, बाळा."

"काय? इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही!"

म्हटलं, आता लाज धरून भागायचं नाही. डोळे घट्ट मिटले, सगळा श्वास एकवटला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मी खोटारडा आहे! भित्रा आहे! मला टॉर्चसुद्धा नीट धरता येत नाही!"

नेमकं त्याच क्षणी तिने सिग्नलला गाडी थांबवून इंजिन बंद केलं होतं. अख्खा चौक आमच्याकडे वळून बघत होता.

शेजारच्या स्कूटरवरच्या बाई वाकून शांतपणे म्हणाल्या, "काका, असाल हो. पण सिग्नल हिरवा झालाय."