हमीद सरांची नामंजूर ओळ

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये 'क्षमता : सहा माणसे' अशी पाटी आहे. तिच्याखाली पेन्सिलीने बारीक, गोल अक्षरात लिहिलेलं आहे, 'कोणती सहा? आधार द्यावा.' तळमजल्यावरच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' असा कागद लागला की तासाभरात त्याखाली तेच अक्षर उमटतं, 'कोण म्हणतं?' गेल्या वर्षी सोसायटीच्या कार्यक्रमाला 'नामवंत गायक' येणार होते, तर 'नामवंत' या शब्दाभोवती गोल काढून बाहेर प्रश्नचिन्ह. गायकांनी ते स्वतः वाचलं आणि पहिलं गाणं जरा पडेल आवाजातच म्हटलं.

ते अक्षर हमीद शेख सरांचं. माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सटाण्याच्या बाजूला एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बायको गेल्यावर मुलाने गंगापूर रोडला हा फ्लॅट घेऊन दिला आणि तो स्वतः परदेशी गेला. सरांचं वय शहात्तर, माझ्याहून दोन वर्षांनी कमी. म्हणून ते मला आप्पा म्हणतात. आदर तेवढ्यापुरताच.

कोणी काहीही बोललं की सरांचा एकच प्रश्न, "कशावरून?" माझी बायको सुमन एकदा जिन्यात सहज म्हणाली, "सर, आज तब्येत छान दिसतेय."

"कशावरून, वहिनी?"

"अहो, चेहऱ्यावरून!"

"चेहरा हा आधार होत नाही. सकाळीच रक्तदाब मोजलाय. वाढलेला आहे."

सुमन तेव्हापासून त्यांना फक्त "जेवलात का?" एवढंच विचारते. त्याला ते सरळ उत्तर देतात, पण भाजी कोणती होती हेही सांगतात, म्हणजे पडताळता यावं.

अशा माणसाला इंटरनेटवरचा ज्ञानकोश सापडला आणि त्यांचा जन्म सार्थकी लागला. या ज्ञानकोशात कोणीही लेख लिहावा, कोणीही दुरुस्त करावा. त्याच्या पहिल्या पानावर एक चौकट असते, 'हे ठाऊक आहे का?' तिच्यात रोज दोन-चार ओळी येतात. ओळ नव्या लेखातली हवी, आखूड हवी, वाचणाऱ्याला नवल वाटायला हवं आणि तिला छापील आधार हवा. स्वतःच्या माहितीचं तिथे काही चालत नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तरी छापलेलं कुठे आहे ते दाखवा. आणि शेवटचा नियम असा की एकाने सुचवलेली ओळ दुसऱ्याने तपासायची.

हा दुसरा म्हणजे मी. सरांनी मला विचारलंच नाही. एके दिवशी येऊन माझ्या नावाचं खातं उघडून दिलं आणि म्हणाले, "आप्पा, बसल्या बसल्या झोपा काढण्यापेक्षा माझ्या चुका काढा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाही तोच नीट तपासतो. कळणारे डोळे झाकून सही करतात."

हे वाक्य पुढे मला फार लागलं. त्याबद्दल सांगतोच.

ओळ नवलाची आहे की नाही हे ठरवायची सरांची स्वतःची पद्धत होती. कोपऱ्यावर भिकाची चहाची गाडी आहे. भिका मूळचा चांदवडचा, पन्नाशीचा, कशानेही न हलणारा. तो चहा ओतायला लागला की सर त्याला ओळ वाचून दाखवायचे. भिकाचा हात थांबला तर ओळ पास. चहा पडत राहिला तर नापास.

"भिका, ऐक. ऑक्टोपस नावाच्या समुद्री प्राण्याला तीन हृदयं असतात."

चहा पडत राहिला. "असतील. समुद्रात लय जागा हाय, सर."

"नवल नाही वाटलं?"

"आमच्या थोरल्या भावाला एकबी नाय. त्याचं नवल करू का याचं?"

ओळ नापास. मी म्हटलं, "सर, अहो, जगभरच्या लोकांना वाटतं नवल."

"जगभरचे लोक चहा ओतत नसतात."

पुढच्या आठवड्यात सरांनी वॉम्बॅट आणला. हा ऑस्ट्रेलियातला गुबगुबीत प्राणी, आणि त्याच्या लेंड्या चौकोनी असतात. भिकाचा हात नुसता थांबला नाही, चहा पेल्याबाहेर गेला. "चौकोनी? ऑ? पण कशा काय, सर? त्याला दुखत नसंल का?" सर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी भिकाला कशावरून म्हणून विचारलं नाही. ओळ पहिल्या पानावर झळकली. त्याआधी मी मात्र इंग्रजीतला अख्खा लेख शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला, कारण सर खिडकीतून विचारायचे, "आप्पा, पान कितवं?" पान चुकलं की ते चिडायचे, आणि चिडले की पुस्तकी मराठी सोडून थेट अहिराणीत शिरायचे. "आधार नही शे ते नही शे!" सगळ्या मजल्यांवर ऐकू जायचं.

अशी आमची दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग सरांनी पर्जन्यमापकावर लेख लिहिला.

पर्जन्यमापक म्हणजे पाऊस मोजायचं नळकांडं. लेख नेहमीसारखाच चोख होता. त्यातून त्यांनी चौकटीसाठी ओळ काढली होती, '...की बागलाणातील एका गावाच्या पावसाची नोंद सलग एकोणीस वर्षे एका गृहिणीने ठेवली?' आधार म्हणून हवामान खात्याच्या एका जुन्या पुस्तिकेचं नाव दिलं होतं. पान क्रमांकाची जागा रिकामी होती.

सरांनी पान क्रमांक सोडला! मी वर गेलो.

"पुस्तिका पाहिलीत का?"

सर पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलले. "नाही. ती बाहेर मिळत नाही. पण त्यात माझ्या बायकोचं, जुबेदाचं नाव आहे. आमच्या घरामागेच ते नळकांडं बसवलेलं. मी सातला सायकलवर निघायचो, सात किलोमीटर शाळा. साडेआठची नोंद तीच घ्यायची. एकदा साहेब आले होते, ते तिला म्हणाले, बाई, तुमचं नाव छापून येणार. तिने मला तीनदा सांगितलं. तुम्ही त्याच खात्यात होता ना, आप्पा? ओळखीने बघा मिळते का."

ओळखीची गरज नव्हती. पुस्तिका माझ्या कपाटात होती. तिच्यातली निरीक्षकांची यादी मीच केली होती.

घरी येऊन मी ते पान उघडलं. गावाचं नाव, त्यापुढे 'श्री. हमीद शेख, शिक्षक'. आणि मला ती दुपार आठवली. गावोगावची कार्डं दर सोमवारी आमच्या टेबलावर यायची, त्या गावच्या कार्डावर 'जुबेदा शेख' अशी सही असायची. यादीत 'हुद्दा' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारलं, "ही बाई कोण?"

"घरीच असते. नवरा मास्तर आहे."

"नाव काय त्याचं?"

संपलं. दोन मिनिटांत मी एका बाईची एकोणीस वर्षं तिच्या नवऱ्याच्या नावावर केली आणि जेवायला गेलो. इतक्या वर्षांत वर राहणारे हमीद शेख आणि यादीतले हमीद शेख एकच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या यादीत दीडशेच्या वर नावं होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना काय सांगितलं? "पुस्तिका मिळत नाही." खोटं, सरळ खोटं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, यादी कोणी केली.

 सर म्हणाले, "मग लावा फुली. आधार नाही म्हणजे नाही. माझी बायको आहे म्हणून नियम वाकवायचा का?" आणि मी तपासनीस म्हणून लिहिलं, 'आधार उपलब्ध नाही. नामंजूर.' ते शब्द अजून तिथे आहेत, माझ्या नावासकट.

त्यानंतर दीड वर्ष सरांनी एकही ओळ सुचवली नाही. लिफ्टमधल्या पाट्या चालू होत्या, भिकाकडचा चहा चालू होता, पण वाचून दाखवणं बंद. भिकाच एकदा मला म्हणाला, "आप्पा, सरांचं काय बिनसलं? कालपास्नं नाय, लय दिवस झाले. मी मुद्दाम हात थांबवून बघतो, तरी काय बोलत नाय."

मागच्या महिन्यात सुमनला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? जिना चढा."

मी पुस्तिका घेऊन गेलो. ते पान उघडून सरांच्या पुढे ठेवलं आणि यादी कोणी केली तेही सांगितलं. कपाटाचंही सांगितलं.

सरांनी चष्मा लावला, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता अहिराणी सुरू होणार. पण ते खांदे हलवून हसायला लागले. "अरे, मला ते माप वाचताही यायचं नाही! विज्ञानाचा मास्तर, आणि ती मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही सांडाल." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मग म्हणाले, "दीड वर्ष लावलंत, आप्पा."

"चुकलं."

"चुकलंच. आता लिहा. कुठेतरी छापून आणा, स्वतःच्या सहीने. छापलं की आधार झाला. तपासायला मात्र दुसरा माणूस बघू. तुमचा भरवसा नाही."

म्हणून इथे छापील लिहून देतो. त्या गावाच्या पावसाच्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी जुबेदा हमीद शेख यांनी घेतल्या. छापील यादीतलं नाव चुकीचं आहे. चूक यादी करणाऱ्याची, म्हणजे माझी.

त्या दिवशी मी उठायला लागलो तर सरांनी हाताने बसवलं. "ती कार्डं. तुम्ही रोज बघायचात?"

"दर सोमवारी."

"काय असायचं त्यांवर?"

"आकडे. आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. बाकी सगळे तो कोरा सोडायचे. तुमच्या घरचं कार्ड आलं की आम्ही टेबलावर शेरा वाचून दाखवायचो. एकदा लिहिलं होतं, 'पाऊस नाही. भांड्यात बेडूक. बाहेर काढला.'"

"बेडूक!" सर पुढे सरकले. "अजून?"

"एकदा, 'शेजारची शेळी नळकांड्याला अंग घासते. तिच्या मालकाला ताकीद दिली.'"

"सखारामची शेळी. अजून सांगा."

मी आठवत राहिलो. "एकदा नोंद उशिरा घेतलेली होती. साडेआठची वेळ तिने कधी चुकवली नव्हती, म्हणून लक्षात राहिलं. शेऱ्यात होतं, 'नोंद वीस मिनिटे उशिरा. घरात माणूस आजारी. सोडून उठता आले नाही.'"

 खिडकीतून गंगापूर रोडवरची वाहनं ऐकू येत होती.

"मला टायफॉइड झाला होता," सर म्हणाले. "बरं व्हायला महिना लागला. त्या दिवसांत मी एकदा तिच्यावर ओरडलो होतो. म्हटलं, मी मरतोय आणि तुला नळकांड्याची पडलीय, घड्याळ बघत बसतेस. ती काहीच बोलली नव्हती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती मिनिटं म्हणालात?"

"वीस."

"वीस मिनिटं," सर म्हणाले, आणि समोरचा गार झालेला चहा दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले.